चूर्णातलं कडू

जरीपटका, नागपूर

प्रिय शामले,

लेकीच्या घरी मी खुशाल आहे. फोनवर तुले नीट ऐकू येत नाही, म्हणून शेजारच्या दुर्गेशजवळ हे पत्र देतो. तो आजच्याच बसनं उमरेडला येईल. आधी एक कर: मी वैदूकडून आणलेलं साखरेच्या बिमारीवरचं चूर्ण आजपासून बंद.

लेकीच्या लॅबमधल्या मशीनले त्यात गोळ्यांचं औषध सापडलं नाही, असा निरोप परवा मीच धाडला होता. ते चुकलं. आपली वैभवी म्हणते, तुझ्या डॉक्टरच्या गोळीतल्या औषधावर विद्युतभार असतो. मशीनच्या नळीत ते थांबतच नाही, पाण्यासंगं सुरुवातीलाच निसटते. काल तिनं त्या पाण्यात उलट भाराचा जोडीदार मिसळला. त्याच्या जोडीनं ते नळीत रेंगाळलं, बाकीच्यांतून वेगळं झालं आणि पडद्यावर शिखरासारखं उभं राहिलं. तेच औषध, वं! दोन वर्षं तू दुप्पट घेऊन राहिली!

"बाबा, आईची मळमळ यानंच असेल," ती म्हणाली. मी तसाच कागद घेऊन लिहाले बसलो.

डॉक्टरची गोळी मनानं सोडू नको. चूर्णाची डबी फेकू नको, मी उद्या येतो, दोघं मिळून डॉक्टरले दाखवू. जेवण जाते का? तुळशीले पाणी घातलं का?

चूर्णाचा चमचा देताना मी रोज शाळेतली कविता म्हणायचो. पहिल्याच दिवशी तू म्हणालीस, "अहो, हे त्या गोळीसारखंच कडू लागते." मी म्हणालो, "थांब, दुसरं कडवं ऐक."

तू कडू सांगत होतीस, मी कडवं ऐकवत होतो.

तुझं न ऐकलेला,
चंपतराव