बोलणारा नंबर एक

६ जून १९७७
आज लॅबमध्ये नवा सायंटिफिक ऑफिसर आला. कोण, तर संपत! माझा सख्खा साडू, धाकट्या मेहुणीचा, प्रभावतीचा नवरा. सगळ्या हिंदुस्थानात याला दुसरी कंपनी सापडली न्हाई, जालन्यातच यायचं होतं.
या टेलिफोन कंपनीच्या लॅबचं कुलूप उघडलं त्या दिवशी मी हजर होतो. टेलिफोन भट्टीत तापवायचा, धुळीच्या पेटीत ठेवायचा, मंग वाजतो का बघायचं, हा सगळा रिसर्च मी एकट्यानं सांभाळून राह्यलो. याच्याजवळ काय आहे? नुसती एम.एस्सी.
मी बिलकुल जळत न्हाई. लिहूनच ठेवतो.

७ जून
पोटात जळजळ. रात्रीचं वांगं बाधलं.

९ जून
संपतला कम्प्युटरच्या खोलीत बसायला टेबल मिळालं. आत एसी. चपला बाहेर काढून देवळात गेल्यावानी जातात. मला आत मनाई आहे, कारण तोंडात तंबाखू असते म्हणे. खरं म्हंजे मीच जात न्हाई. एसीनं सांधे धरतात.
घरी संपत मला ‘दादा’ म्हणतो. इथं सगळ्यांसमोर ‘सर्जेराव’ म्हणाला. ध्यानात ठेवलं आहे.

१२ जून, रविवार
पुढच्या महिन्यात धोंडा. मंठ्याहून सासऱ्यांचा, अण्णासाहेबांचा निरोप आला, दोन्ही जावयांनी यायचं. पहिला पाट थोरल्या जावयाचा, म्हंजे माझा. पण निरोप्या म्हणे, अण्णासाहेब गावभर सांगून राह्यले की आमचे संपतराव साहेब झाले. त्याला ‘राव’ आत्ता लागलं. माझ्या नावात जन्मापासून आहे, त्याचं कुणाला कौतुक न्हाई.
धोंड्याच्या आत काहीतरी मोठं करून दाखवायचं ठरवलं. काय ते उद्या ठरवीन.

१५ जून
देव आहे!
आमचे मोठे साहेब भरूचा यांनी नवा प्रयोग काढला. एक माणूस एका खोलीत फोनवर बिनअर्थाचे शब्द वाचणार. टाप, गुम, झेक, फोळ. दुसऱ्या खोलीत गावातल्या शिकलेल्या बाया ऐकू आलं तसं लिहून घेणार. अर्थच न्हाई म्हणून अंदाजानं लिहायची सोय न्हाई. किती शब्द बराबर आले ते कम्प्युटर मोजणार. त्यावरून टेलिफोन किती चांगला ते कळतं.
बोलायला माणसं निवडायची म्हणून सगळ्या स्टाफकडून एकेकदा वाचून घेतलं. दोघंच निवडले. मी आणि संपत. यादीत माझं नाव पहिलं! भरूचा साहेब माझा हात हातात घेऊन म्हणाले की असा माणूस शोधून सापडला नसता.
संपत खाली मान घालून उभा होता. त्याचं तोंड बघण्यासारखं झाल्तं.

१८ जून
पहिलं सेशन झालं. मला संपतच्या डबल शब्द दिले. आवाजाची किंमत आहे. ऐकणाऱ्या बायांची पुढारी सोनूबाई बाहेर येऊन पदरानं कपाळ पुसत होती. भारावून गेली असणार.
जाताना संपत हळूच म्हणाला की दादा, तुम्ही रोज बोलता तसंच बोला, काही बदलू नका.
वा रे वा! म्हंजे मी आहे तिथंच राहावं आणि यानं पुढं जावं. दुधखुळा समजला का मला? आता तर बदलणारच.

१९ जून
निश्चय:
तंबाखू बंद. आजपासून. कायमची.
रोज सकाळी हळदीच्या गुळण्या.
दातात पेन्सिल धरून मोठ्यानं वाचन.
संपतचा विचार करायचा न्हाई.

१९ जून, दुपारी
जेवण पचेना म्हणून एक चिमूट घेतली. औषध म्हणून घेतलेली धरत न्हाईत.

२१ जून
तंबाखू सुटली! लग्नापासून ही डोकं आपटून राह्यली होती, तिच्या आईनं नवस केल्ता, तरी सुटली न्हाई. आज एसीच्या काचेतून संपतला हसताना पाहिलं आणि तोंडातली गोळी थुंकून टाकली. डबीसुद्धा नालीत टाकली. ही इतकी खूश झाली की शिरा केला. शिरा खातानाबी संपतच डोळ्यांसमोर.

२५ जून
पेन्सिल धरून गच्चीवर “टाप, गुम, झेक, फोळ” म्हणत होतो. शेजारच्या झुंबरबाई लिंबू-मिरची घेऊन आल्या. हिला, म्हंजे आमच्या कांताला, बाजूला घेऊन म्हणाल्या की भोकरदनकडं एक चांगला बाबा आहे, वेळ घालवू नको. ही हसू दाबत राह्यली. थोर कामाला घरातूनच अडथळे.

२ जुलै
संपतनं टेलिफोनच्या तोंडाची नवी डबी बनवली आहे, ज्यात आवाज जातो ती. ती लावून आज माझं सेशन. शब्द एकदम साफ सुटले. आतून सोनूबाईनं “आता कळलं बाई!” म्हणलेलं इथपर्यंत ऐकू आलं.

५ जुलै
अन्याय! कम्प्युटरनं सांगितलं की माझ्या सेशनचे नंबर भराभर वर गेले. भरूचा साहेबांनी शाबासकी कुणाला दिली? संपतला! म्हणे त्याच्या डबीची कमाल. अरे, डबी आपोआप बोलली का? जीभ कुणाची, घसा कुणाचा, हळद कुणाच्या घरची?
संपतला मुंबईच्या हेड ऑफिसात घेणार, अशी हवा आहे. बंगला, गाडी. प्रभावतीनं हिला आतापासूनच विचारलं म्हणे, मुंबईत कोळशाची शेगडी चालते का. ही तिच्याकडून आल्यापासून भांडी आपटून राह्यली. मीबी दोन आपटली. दोघं मिळून आपटून राह्यलो.

११ जुलै
२२ तारखेला मुंबईचे डायरेक्टर येणार. भोकरदनपर्यंत लाइन जोडून डबीचा डेमो. अण्णासाहेबांना कार्ड टाकलं: “कंपनीच्या मोठ्या कार्यक्रमात मुख्य बोलणारा मी आहे. धोंड्याला सविस्तर सांगतो.” ‘मुख्य’खाली रेघ मारली.

२२ जुलै
डेमो. इस्तरीचा शर्ट, नवीन वहाणा. पहिला नंबर माझा. मी असं काही वाचलं की डायरेक्टर लोक माना डोलवत राह्यले. संपतकडं बघितलं. तो घामानं भिजलेला.
मंग भोकरदनच्या बाजारातून कडूबा नावाचा भुसाराचा अडत्या बोलला. मोंढ्यातला साधा माणूस, गालात पान, पुढचे दात गेलेले. डायरेक्टरनं विचारलं, तिकडं पाऊस आहे का. कडूबा बराच वेळ बोलला. पाऊस आहे का न्हाई ते कुणालाच कळलं न्हाई. पुन्हा विचारलं. पुन्हा बोलला. डायरेक्टरनं जुना फोन लावायला सांगितला. तेवढंच कळलं, म्हंजे काहीच न्हाई. डबीनं काडीचा फरक पडला न्हाई!
सगळे संपतकडं बघायला लागले. मुंबईची गोष्ट कुणी काढली न्हाई. चहा न घेता गाड्या गेल्या.
संपत हरला!! घरी येताना सायकलवर गाणं म्हणलं.

२३ जुलै
संपत सकाळीच घरी आला. डोळे लाल. बसला न्हाई. विचारलं, दादा, तुम्ही तंबाखू सोडली का?
मी अभिमानानं हो म्हणलो. तो खालीच बसला.
मंग सांगितलं त्यानं. लॅबमधी सगळ्यांत साफ बोलणारा एक पाहिजे होता, तो संपत. आणि सगळ्यांत न कळणारा एक पाहिजे होता. तो मी. जो फोन माझं बोलणं पोचवील तो हिंदुस्थानात कुणाचंबी पोचवील, असं भरूचा साहेबांचं म्हणणं. नंबर वर गेले ते डबीनं न्हाई, माझ्या गुळण्यांनी. आणि त्या नंबरांवर विसंबून संपतनं डायरेक्टरांना बोलावलं.
ही दारात उभी होती. म्हणाली, भाऊजी, मला विचारायचं की, यांचं बोलणं मला सोडून कुणाला कळत होतं?
माझ्या बाजूनं कुणीच न्हाई.

२४ जुलै, मंठा
धोंडा. पहिला पाट मला. पुरणाचे धोंडे, तुपाची धार. अण्णासाहेबांनी चारचौघांत विचारलं, जावईबापू, कार्यक्रम कसा झाला?
संपत हरला हे सांगायला जीभ शिवशिवत होती. पण हरला कसा, हे कसं सांगू? साडूला पाडलं आणि सांगायची सोय न्हाई! तेवढ्यात संपतच म्हणाला, आमची डबी फसली, पण दादा इतकं साफ बोलले की डायरेक्टर बघत राह्यले. सगळे खूश. अण्णासाहेबांनी पाठ थोपटली.
मोठेपणा करतो. मला तो आता जास्तच आवडत न्हाई.

२६ जुलै
भरूचा साहेबांनी बोलावलं. संपतला एक चान्स आहे, पुन्हा मोजणी करायची. मी पुन्हा पहिल्यासारखं बोलावं, तंबाखूचा खर्चा कंपनी देईल. हिनं ऐकलं आणि लाटणं घेऊन दारात बसली.
विचार केला. मी बोललो न्हाई तर संपत बुडतो. बोललो तर तो मुंबईला जातो, पण मंग मीबी नंबर एक. उलटा का होईना, नंबर एकच! संपतच्याबी आधी कंपनीला माझी गरज आहे. लाटण्यावरून उडी मारून गेलो.

२ ऑगस्ट
आठवडाभर तंबाखू खाऊन राह्यलो. ही माझं ताट बाहेर ओट्यावर वाढते. आज मोजणी. मी जीव तोडून वाईट बोललो.
कम्प्युटरचा आकडा आला. साहेब म्हणाले, सर्जेराव, तुमच्या जिभेला आता वळण लागलं. तंबाखूनंबी जात न्हाई. तुम्ही ना चांगले, ना वाईट. साधारण. प्रयोगाला साधारण माणसाचा उपयोग नसतो.
मंग दार उघडून कडूबाला आत आणलं. भोकरदनहून जीपनं! संपतनं त्याला हात धरून खुर्चीवर बसवलं. कडूबा माइकात दोन शब्द बोलला. आत सोनूबाईनं पेन खाली ठेवून दिलं. भरूचा साहेबांनी टाळ्या वाजवल्या, म्हणाले, असा माणूस शोधून सापडला नसता.
चहा आधी कडूबाला. मला भट्टीकडं पाठवलं.
जाता जाता काचेतून बघितलं. संपतकडं न्हाई, कडूबाकडं. त्याच्यात असं काय आहे जे माझ्यात न्हाई? चार दात कमी, एवढंच ना?

३ ऑगस्ट
दातांच्या डॉक्टरकडं जाऊन आलो. तो म्हणे, चांगले दात काढत न्हाईत.