बाबांना काय लावून द्यावं

रविवार, पर्वत पाटिया

आजही बाबा दहा मिनिटांत टीव्हीसमोरून उठून गॅलरीत गेले. किती दिवस त्यांच्यासाठी शोधून शोधून लावतेय मी. समुद्राची डॉक्युमेंटरी आवडली होती, म्हणून मग आगगाड्यांवरची लावली. आज ती कोरियन मालिका, जिच्यासाठी ऑफिसातल्या सगळ्याजणी वेड्या झाल्यात. मुद्दाम हिंदी डबिंग निवडलं, सबटायटल वाचायचा त्रास नको म्हणून. आवाज एवढा मोठा की शेजारच्या गुजराती भाभी विचारायला आल्या, "शुं थयुं?" तरी बाबा उठलेच. चिडले मी. म्हटलं, तुम्हाला काहीच कसं आवडत नाही?

तर म्हणाले, "याना व्हट येक बोलतस नि आवाज दुसरंच. डोकं दुखस."

ओठ! मला कसं सुचलं नाही? लूमच्या खडखडाटात बाबांच्या कापड कारखान्यातले सगळेच एकमेकांचे ओठ वाचायचे. आता तर बाबांचे कानही गेलेत, सगळी भिस्त ओठांवरच. आणि मी त्यांना डबिंग लावून देतेय. समुद्र का आवडला तेही आज कळलं. तिथे बोलणारं कुणी दिसतच नव्हतं.

सबटायटल लावू का, विचारलं. नको म्हणाले. टीव्ही बंद केला, खुर्ची माझ्यासमोर ओढली.

"तूच सांग ना बेटा, पुढे काय व्हयनं. तुना व्हट माले समजतस."

मग मी सांगत बसले. आई आतून जेवायला हाका मारत होती म्हणे. बाबांना ऐकू येत नव्हत्या. आज मलाही आल्या नाहीत.