हंगामी ओढा

२ मार्च, सकाळी ६.१०
आजपासून रोज लिहिणार. साहेबांनी काल बजावलं: ३० एप्रिलपर्यंत भूगोलाची पदवी दाखवा, नाहीतर नकाशा विभागातून थेट रेकॉर्ड रूम. एकवीस वर्षं नकाशे काढतोय, तेही कुणाकडून न शिकता. आता कागद हवा म्हणे. देऊ. प्राकृतिक, सांस्कृतिक, प्रादेशिक, तिन्ही पेपर पास. राहिलंय फक्त प्रात्यक्षिक. ते दोनदा गेलं, परीक्षकांच्या घाईमुळे. तिसरी संधी शेवटची. मला एक पुरते.

५ मार्च
कॉलेजचं मैदान मोजलं. पाच खुंट्या; प्रत्येकीपाशी कंपास ठेवून पुढच्या खुंटीची दिशा घ्यायची, अंतर टेपने. कॉलेजची लाकडी तिपाई डुगडुगते, म्हणून घरचं लोखंडी स्टूल नेलं. वर पाण्याची वाटी ठेवून पातळी तपासली. थेंब सांडला नाही. पोरं मला 'अ‍ॅटलासकाका' म्हणतात. आदराने.

७ मार्च
मैदान कागदावर उतरवलं. शेवटची रेघ पहिल्या खुंटीला मिळायला हवी. सव्वा इंच अलीकडे थांबली. मैदान वाकडं असावं.

१२ मार्च
पुन्हा मोजलं. आता पाऊण इंच पलीकडे. म्हणजे सुधारणा आहे.
प्रात्यक्षिकाच्या मॅडम (माझ्याहून वीस वर्षांनी लहान) म्हणाल्या, काका, ते स्टूल बाजूला ठेवा, लोखंड सुईला ओढतं. मी म्हटलं, मॅडम, हे मी स्वतः वेल्ड केलंय. त्या दुसऱ्या पोरांकडे वळल्या. पटलं असावं.

१५ मार्च, दुपारी
धाकटीने (गेल्या वर्षी याच विषयात पहिला वर्ग) तेच तुणतुणं लावलं. "बाबा, नापास झालात तर जन्मभर धुळीत बसाल. एकदा लाकडावर ठेवून बघा ना!" बघितलं. जेवणाच्या टेबलावर कंपास: १०४ अंश. त्याच जागी, तीच खूण धरून, स्टुलावर: ११७. तेरा अंशांचा फरक! निष्कर्ष उघड आहे. लाकूड सुईला बिघडवतं.
हिला सांगितलं. ही म्हणाली, "तुम्हाला कुणी बिघडवलं ते आधी शोधा." भूगोल हिचा विषय नाही.

२६ मार्च
ऑफिसातल्या नव्या कॉम्प्युटरवालीने माझं टेबल टेपने मोजलं. विचारलं तर म्हणाली, "सहज, सर." सहज कुणी दोनदा मोजत नाही.

३ एप्रिल
धाकटीने स्टूल लपवलं होतं. माळ्यावर सापडलं. तिच्याशी अबोला.

४ एप्रिल, सकाळी ७.४०
परीक्षा. ही दारात उभी. "आज तरी पोरीचं ऐका हो." स्टूल काखेत. निघतो.

दुपारी २.१५
मोजणी चोख. रेघ मिळाली नाही. अडीच इंच. वीस मिनिटं उरलेली, खोडून खोडून कागद विरत आलेला. शेवटी मोकळ्या जागेत ओढा काढला. निळ्या शाईने, दोन्ही काठ, प्रवाहाचा बाणसुद्धा.
बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले, "मैदानात ओढा कुठाय?" मी म्हटलं, हंगामी आहे. ते उठून खिडकीशी गेले आणि बराच वेळ बाहेर बघत राहिले. मॅडम मान खाली घालून बसल्या होत्या. छाप पडली असं वाटतं.

२४ एप्रिल
प्रात्यक्षिक: पन्नासपैकी अकरा.
फेरतपासणीचा अर्ज लिहायला घेतला. साहेब म्हणाले, "अर्ज खुशाल करा, पण टेबल रिकामं करा." धाकटीने निकालाचा कागद घडी घालून फायलीत ठेवला. बोलली असती तर बरं झालं असतं.

२ मे, सकाळी १०.३०
रेकॉर्ड रूम. एका दृष्टीने बरंच झालं. शांतता आहे, अभ्यास होईल. लोखंडी कपाटावर कंपास ठेवून बघितलं: खिडकी पूर्वेला, म्हणजे सकाळचं कोवळं ऊन. टेबल मुद्दाम खिडकीकडे तोंड करून लावून घेतलं. आज ऊन आलं नाही. ढग असतील.

सायं. ५.१५
ऊन आलं.