गुरुवार आणि शिल्लक मेमरी

शुक्रवार, संध्याकाळ. निघोजे.

दुपारी प्रेस मशीन मधेच थांबलं. बंद करून चालू केल्यावर सुरू झालं, पण कारण कळलं नाही तर सोमवारी ते चालवणारा आमच्या कंपनीचा कंट्रोल बोर्ड काढून टाकू, असं कारखान्याच्या मॅनेजरनी सांगितलं. मग बोर्डाला लॅपटॉप जोडून त्याची शिल्लक मेमरी बघत बसलो. सेफ्टीचं दार उघडलं की ती थोडी घटते. दार लावल्यावर परत मिळायला हवी. मिळत नाही. अशी ती आठवड्याभरात संपते आणि मशीन थांबतं. गळती माझ्याच प्रोग्रॅममध्ये. पण मग बोर्ड वर्षभर चालला कसा?

ऑपरेटर शिंदेमामांना विचारलं, या आठवड्यात वेगळं काय झालं?

"काय न्हाई. काल गुरुवार असून ओव्हरटाइम. मेन स्विच पाडलाच न्हाई."

म्हणजे दर गुरुवारी सुट्टीला वीज बंद व्हायची आणि शुक्रवारी मेमरी पुन्हा पूर्ण! मामांना समजावलं, तर हसले. "म्हंजी आमच्या सुट्टीवर तुमचा बोर्ड जगत हुता व्हय, राव?"

गळती बुजवली. आता दार कितीही वेळा उघडा-लावा, शिल्लक परत तेवढीच. मॅनेजर म्हणाले, राहू द्या बोर्ड. तरी घरी आल्यापासून वाटतंय, चाकणभर आमचे आणखी बोर्ड आहेत. त्यातले किती गुरुवारच्या भरवशावर असतील?