माझ्या आईचे नाव

नाशिक, गुरुवार, सायंकाळ

सावत्र भावाचा आज दहावा होता. दुपारी पुतण्या धापा टाकीत दारी आला. "काका, कावळा पिंडाला शिवतच नाही. कठड्यावर बसून नुसता बघतोय. बाबांचा जीव तुमच्यात अडकलाय. माफ केलं म्हणा, बस!"

मी गेलो. का गेलो? माफ करावयास तर नव्हेच...

आमचे वडील एकच, येथील ब्राह्मण. माझी आई हरसूलकडच्या कोकणा आदिवासींची लेक. "हा आमचा नव्हे," असे म्हणून याच भावाने मला वडिलांच्या तिरडीपासून बाजूला सारले होते. तिकडे मामा मला "भटाचं पोर" म्हणत. मग मी कोणाचा, हे माझे मीच ठरविले. आईचा.

घाटावर कावळा खरोखरच कठड्यावर होता. सर्वांच्या नजरा माझ्यावर.

मी म्हणालो, "माझ्या आईचे नाव मोठ्याने घ्या. मग म्हणतो."

कोणालाच ठाऊक नव्हते. पुतण्याने हात जोडले. "काका, तुम्हीच सांगा ना."

"तुझ्या बापाला ठाऊक होते."

अखेर भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिवविला. तो विधी मी शेवटपर्यंत उभा राहून पाहिला. वाईट वाटले का? मुळीच नाही. घरी येऊन पोटभर जेवलो.