फरशीखालची विहीर

अण्णा,

चिकपेटेत जमिनीखालून गाडी सुरू झाली त्या दिवशी आपली सगळी गल्ली लग्नाला निघाल्यासारखी नटूनथटून स्टेशनात उतरली होती. शेजारच्या अक्कांनी गजरा माळला होता आणि सरकत्या जिन्यावर पाय ठेवण्याआधी त्याला हात जोडले. मी हसले खरी, पण मागोमाग मीही हात जोडले. गाडी सुटली आणि जरा पुढे जाऊन बोगद्यात उभी राहिली. दिवे लख्ख, हवा थंड, लोक फोटो काढण्यात दंग. अक्कांनी एकदम नाक वर केलं. "काय गं, ओल्या कापडाचा वास येतोय? तुमच्या अण्णांच्या भट्टीवर यायचा तसला." ती भट्टी विझून तेव्हा वीस वर्षं झाली होती. मी म्हटलं, नवीन रबराचा असेल, आणि खिडकीच्या काचेकडे बघायचं टाळलं.

तुम्ही रंगारी. सकाळी विहिरीचं पहिलं पाणी ओंजळीत घेऊन जिभेवर ठेवायचात आणि आज निळा चढेल की लाल, ते ठरवायचात. मी दहा वर्षांची असताना एकदा साडी दोनच पाण्यांतून काढली आणि तीन पाणी झाली म्हणून सांगितलं. तुम्ही रागावला नाहीत. वाटीत पाणी घेऊन साडीचा काठ त्यात बुडवला, आणि पाणी निळं होईपर्यंत मला तिथे बसवून ठेवलंत. "मला फसवशील गं, कापडाला कशी फसवणार?" त्या वाटीची मला अजून लाज वाटते. पुढे विहीर आटली, धंदा बसला. सगळे म्हणाले, माती घालून बुजवा. तुम्ही ऐकलं नाहीत. जिने घर पोसलं तिचा गळा दाबायचा नाही म्हणालात. वर फरशी बसवली, तिला श्वास घ्यायला लोखंडी पाइप ठेवला आणि पाइपाच्या तोंडाला पांढरं कापड बांधलं. दर अमावास्येला ते बदलायचं, हे काम माझ्याकडे आलं.

मग मेट्रोची माणसं घरोघर विचारत आली. जुन्या पेटेत कुणाच्या अंगणात काय दडलंय ते कागदावर कुठे असतं? तुम्ही आतल्या खोलीत अंथरुणाला खिळलेले. मागच्या गल्लीत विहीर निघालेल्या एका घरावर लाल रंगाची खूण झाली होती आणि ती माणसं महिन्याभरात सामान बांधून गेली होती. तुम्हांला उचलून भाड्याच्या घरात न्यायचं, तर तुम्ही वाटेतच जाल असं मला वाटलं. म्हणून पाइपावर मी तुळशीची कुंडी सरकवून ठेवली. "अक्का, इल्ली हळे बावी इदिया?" त्या माणसाने मला कानडीत विचारलं. जुनी विहीर आहे का, एवढंच. "इल्ला," मी म्हटलं. नाही. त्याने कागदावर टिंब केलं आणि पुढच्या घरी गेला. मी कुंडी परत बाजूला सरकवली.

"विहिरीचं सांगितलंस ना गं?" तुम्ही आतून विचारलंत.

"हो अण्णा. लिहून घेतलं त्यांनी."

"किती हात खोल सांगितलीस?"

"चाळीस हात."

"सरी, बरं झालं," म्हणालात आणि भिंतीकडे तोंड केलंत. त्याच आठवड्यात तुम्ही गेलात. आठ दिवसांसाठी मी खोटं बोलले, अण्णा. हे मला काही केल्या पचत नाही.

खालून बोगदा खणणारं यंत्र गेलं तेव्हा मांडणीतली भांडी तीन दिवस वाजत होती. चौथ्या दिवशी थांबली. काही झालं नाही. अजूनही काही झालेलं नाही, हे मी रोज स्वतःला बजावते. फक्त गाडी सुरू झाल्यापासून पाइपाचं कापड हलतं. गाडी आली की आत ओढलं जातं, गेली की बाहेर फुगतं, झोपलेल्या माणसाच्या तोंडावर पदर असावा तसं. फरशीचा एक कोपरा बोटभर खचलाय. आणि गेल्या अमावास्येला सोडलेलं कापड निळं निघालं. तीन पाणी धुतलं, अण्णा, मोजून तीन. वाटीतलं पाणी निळंच होत राहिलं.

हे पत्र खरं तर मेट्रोच्या ऑफिसला जायला हवं. चार वेळा 'माननीय महोदय' लिहिलं आणि चारही कागद चुलीत घातले. तुम्हांला लिहिता येतं, कारण तुम्ही काही विचारायला येणार नाही.

त्या पहिल्या दिवसानंतर मी गाडीत बसलेली नाही. बाजाराला चालत जाते, दूर जायचं तर बस. तुमची नात मात्र रोज त्याच गाडीने ऑफिसला जाते. बसने जा म्हटलं की हसते. सकाळी ती गेल्यावर मी अंगणात येते, पाइपावर तळहात ठेवते. तिची गाडी येते, कापड आत ओढलं जातं. ते परत फुगून हाताला लागेपर्यंत मी श्वास सोडत नाही.

आज डबा भरताना तिने विचारलं, "आई, गाडीत एका ठिकाणी रोज ओल्या कापडाचा वास येतो, तुझ्या त्या पाइपाच्या कापडासारखाच. आपल्या फरशीखाली विहीर आहे का गं?"

मी डब्याचं झाकण लावलं.

"इल्ला," म्हटलं.