हिमबाईची पोरं

प्रिय मित्सुए,

मी बरा आहे. खोकला कमी आहे, बोगद्याच्या कामावर जेवण पोटभर मिळतं. तोक्योत बर्फ नाही, नुसता चिखल. आईचे गुडघे कसे आहेत? छपरावरचा बर्फ एकटी ओढू नकोस, शेजारच्या कान्जीला बोलाव.

सणाच्या पौर्णिमेला हिमबाई आपली पोरं घेऊन माळावर खेळायला येते, म्हणून त्या संध्याकाळी सगळ्या आया मुलांना लवकर घरात घेतात. तू मात्र दारात उभी राहणार, असं लिहिलंस. गेल्या थंडीत तापाने गेलेली आपली चियो त्या पोरांत असेल म्हणून. आई तुला म्हणाली, "वेड लागलंय, आत बस." बोलू दे तिला.

तू उभी राहा. माझे गवताचे बूट घाल, डोक्याला शाल गुंडाळ. चियो दिसली तर डोळे भरून बघ. तिच्या पायात काही आहे का, तेवढं मला कळव.

फक्त हाक मारू नकोस. तुझा आवाज ऐकला की ती खेळ टाकून धावत येईल, नेहमीसारखी थेट चुलीपाशी. आता तिला ऊब सोसायची नाही.

तुझा,
योशिझो